नव्या गावठाणातले लहान मूल

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे वैनगंगेवर उभ्या राहिलेल्या इंदिरासागर धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, आणि त्यानंतरची तीन दशके या धरणाची चर्चा मुख्यतः त्याचे ३३ दरवाजे, अडीच लाख हेक्टरांच्या आसपासचे नियोजित सिंचन, वाढत गेलेला खर्च, मोबदल्याचे दर आणि रखडलेले पुनर्वसन यांभोवती फिरत राहिली. जलाशयामुळे भंडारा आणि नागपूर या दोन जिल्ह्यांतील गावेच्या गावे उठली, हजारो कुटुंबे नव्या गावठाणांत गेली आणि त्यांच्यासोबत अंगणवाडीच्या वयाची मुलेही गेली. परंतु प्रकल्पग्रस्तांच्या याद्यांत खातेदार, भूमिहीन, कुटुंबप्रमुख, सज्ञान मुलगा अशा नोंदी असतात. तीन-चार वर्षांच्या मुलाने काय गमावले याचा रकाना त्यांत नसतो आणि मोबदल्याच्या हिशेबात तो बसणारही नाही. ही उणीव भरून काढणे कुटुंबाच्या, शेजाऱ्यांच्या आणि गावातल्या अंगणवाडी सेविकेच्या हाती उरते, आणि ते नीट करता यावे यासाठी लहान मुलाच्या मनात घर बदलताना काय घडते हे आधी समजून घ्यावे लागते.

घर बदलण्याचे प्रसंग या जिल्ह्यात इतरही आहेत. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत नोकरीनिमित्त कुटुंबे येतात आणि जातात, तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींभोवती कामगारांची वस्ती बदलत राहते, शिक्षक, ग्रामसेवक आणि तलाठी यांच्या बदल्या होतात, आणि २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेल्या महापुरासारख्या आपत्तीत तर एका रात्रीत घर सोडावे लागते. मोठ्यांच्या दृष्टीने या साऱ्या घटना वेगवेगळ्या असतात, कारण एकीत बढती असते, दुसरीत सक्ती आणि तिसरीत जीव वाचवण्याची धडपड. मुलाला कारण कळत नसल्यामुळे त्याचा सुरुवातीचा अनुभव मात्र सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो. भेद पुढे पडतो, आणि तो मुख्यतः मागे परतून पाहता येते की नाही यावरून पडतो.

लहान मूल ज्याला घर मानते त्यात भिंतींचा वाटा थोडा आणि माणसांचा फार मोठा असतो, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्यात ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांनी मांडलेल्या अनुबंध-सिद्धांतामुळे शास्त्रीय चर्चेत आली. अनुबंध म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारी एक-दोन माणसे यांच्यात पहिल्या दोन-तीन वर्षांत घट्ट होणारे नाते; भीती वाटली, दुखले-खुपले किंवा अनोळखी कोणी दिसले की मूल ज्या माणसाकडे धाव घेते, ते त्याचे अनुबंधाचे माणूस. बोल्बी यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी अशा माणसाला मुलाचे सुरक्षित आधारस्थान म्हटले, कारण ते माणूस जवळ असेल तरच मूल थोडे दूर जाऊन नवे जग चाचपून पाहते आणि पुन्हा परत येते. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने १९३९ च्या सप्टेंबरपासून लंडनमधील असंख्य मुले आईवडिलांपासून दूर सुरक्षित गावांत पाठवण्यात आली, तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी आपल्या संगोपनगृहांतील मुलांचे निरीक्षण करून असे नोंदवले की आईजवळ राहून हल्ले अनुभवलेल्या लहान मुलांपेक्षा आईपासून तोडलेल्या मुलांची अवस्था अनेकदा अधिक बिकट होती. पाडलेल्या घरांच्या शहरातही आईची कूस शाबूत असली तर मूल तगते, आणि हिरव्यागार सुरक्षित गावातही ती नसली तर कोमेजते, असा त्याचा अर्थ होतो. सामान हलवण्याच्या धांदलीत मूल मध्ये मध्ये येऊ नये म्हणून त्याला पंधरा-वीस दिवस मामाकडे ठेवून यायचे आणि सगळे लावून झाले की थेट नव्या घरात आणायचे, ही आपल्याकडील रूढ सोय म्हणूनच सदोष आहे. मुलाने घर जाताना पाहिलेले नसते, त्याला फक्त एवढे कळते की आपण जरा नजरेआड झालो आणि सारे नाहीसे झाले. आजी किंवा आत्यासारखे रोजच्या सहवासातले माणूस सोबतीला ठेवून मुलाला त्याच आवारात राहू देणे त्यापेक्षा कितीतरी चांगले.

माणसांनंतर येतो क्रम. तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ आणि पंचांग कळत नाही, पण चूल पेटली की दूध मिळते, गाई परतल्या की बाबा येतात, आजीने देवापाशी दिवा लावला की थोड्या वेळाने जेवण होते आणि मग झोपायचे, ही साखळी त्याला पक्की ठाऊक असते आणि तिच्याच आधाराने ते पुढे काय होणार याचा अंदाज बांधते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी साधारण दोन ते सात या वयातील विचाराला पूर्वक्रियात्मक अवस्था म्हटले; या अवस्थेत मूल शब्द आणि प्रतीके वापरू लागते, परंतु कार्यकारणाचा संबंध ते स्वतःच्या भोवतीच जुळवते. याचा घर बदलण्याशी फार जवळचा संबंध आहे. भिंतीवर कोळशाने रेघोट्या ओढल्या म्हणून आपल्याला घरातून काढले, किंवा आपण हट्ट केला म्हणून आईबाबा चिडून इथून निघाले, असे मूल मनाशी धरू शकते आणि कोणी विचारल्याखेरीज ते बोलून दाखवत नाही. घर का सोडले जात आहे हे दोन सोप्या वाक्यांत सांगावे आणि त्यात मुलाची काही चूक नाही हेही स्पष्ट शब्दांत सांगावे. मोठ्यांना हे वाक्य अनावश्यक वाटते, पण या वयात तेच सर्वांत जास्त उपयोगी पडते.

जागेची ओळख हा तिसरा धागा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिंडा ॲक्रेडोलो यांनी १९७० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे दिसले की नऊ महिन्यांचे बाळ अनोळखी प्रयोगशाळेत दिशेच्या बाबतीत सहज चुकते, पण तेच काम स्वतःच्या घरात दिले तर आजूबाजूच्या खुणांचा उपयोग करून अधिक बरोबर दिशा ओळखते. ओळखीची जागा मुलाला केवळ धीर देत नाही, तर त्याची बुद्धीही तिथे जास्त चालते, असे यावरून म्हणता येईल. नव्या घरात आल्यावर पहिले काही दिवस मूल एकदम लहान झाल्यासारखे, गोंधळलेले आणि चिकटलेले वाटते त्यामागे हेही एक कारण असावे. झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागातील, जुन्या घराची रचना पाहिली तर मुलाला किती खुणा सोडाव्या लागतात याची कल्पना येते: पुढे अंगण, मग ओसरी, आत माजघर, मागे परस, तिथे गुरांचा गोठा आणि भाजीपाल्याचा वाफा, बाहेर पडले की काकांचे घर, त्यापलीकडे पार, पुढे बोडी म्हणजे गावाजवळचे लहान तळे, आणि मग धानाच्या बांध्या. नव्या गावठाणात भूखंड सारखे आखलेले, रस्ते सरळ आणि घरे एकमेकांसारखी. मोठ्यांना ही आखणी स्वच्छ व सोयीची वाटते, परंतु सगळी दारे सारखीच दिसत असतील तर चार वर्षांच्या मुलाला आपले दार ओळखण्यासाठी खूण उरत नाही. दाराला वेगळा रंग देणे, उंबऱ्याजवळ मुलाच्या हाताने एखादे रोप लावणे, रोज संध्याकाळी त्याच एका वाटेने फेरी मारून वाटेतल्या चार वस्तूंची नावे मुलाकडून म्हणवून घेणे, हे उपाय फुकटचे आणि साधे आहेत, पण मुलाच्या डोक्यातला नकाशा पुन्हा तयार होण्यासाठी तेच लागतात.

या तिन्ही धाग्यांपैकी माणसांचा धागा पुनर्वसनात सर्वाधिक तुटतो. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी केली आणि डेक्कन कॉलेजने ती १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. धरणग्रस्तांचा प्रश्न जमिनीपुरता न ठेवता समाजजीवनाच्या अंगाने तपासणाऱ्या महाराष्ट्रातील आरंभीच्या अभ्यासांत तिचे स्थान महत्त्वाचे आहे. पुढे मायकेल सर्निया या समाजशास्त्रज्ञांनी विस्थापनातून येणाऱ्या दारिद्र्याची आठ कारणे सांगितली, त्यांत जमीन, रोजगार आणि घर जाण्याबरोबरच समाजाची वीण उसवणे हेही एक कारण मोजले. समाजाची वीण हा शब्द मोठ्यांच्या संदर्भात वापरला जातो, पण तिचा रोजचा लाभ सर्वांत जास्त लहान मुलालाच मिळत असतो. जुन्या वस्तीत आई रोवणीला गेली तर मूल शेजारच्या म्हातारीच्या नजरेखाली खेळते, भूक लागली तर तीन घरांपैकी कोणत्याही घरात जाऊन बसते आणि पडले तर उचलणारे हात दहा असतात. भूखंडांचे वाटप चिठ्ठ्या टाकून किंवा यादीतील क्रमाने झाले आणि जुने शेजारी गावठाणाच्या दोन टोकांना गेले, तर कागदोपत्री संपूर्ण गाव एकत्र हलवले असे दिसते, प्रत्यक्षात मात्र मुलापुरते गाव फुटलेले असते. जुन्या मोहल्ल्याप्रमाणे शेजार कायम ठेवून भूखंड देणे हा खर्च न वाढवणारा निर्णय आहे, आणि जिथे पुनर्वसनाची कामे अद्याप व्हायची आहेत तिथे ग्रामसभेने त्यासाठी आग्रह धरला पाहिजे. १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आलेल्या भूसंपादन व पुनर्वसनाच्या केंद्रीय कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नव्या वसाहतीत अंगणवाडी, शाळा, मुलांसाठी खेळाचे मैदान आणि दर ५० कुटुंबांमागे प्रार्थनास्थळ व चावडीचा किंवा झाडाचा पार असावा अशी तरतूद आहे. गोसीखुर्दचे भूसंपादन मुख्यतः त्याआधीच्या कायद्यांखाली झाले असले, तरी नव्या गावठाणात काय असायला हवे याचे माप म्हणून ही अनुसूची आजही हाताशी ठेवण्यासारखी आहे. पार बांधता येतो, त्यावरची सावली मात्र दहा-पंधरा वर्षांनी येते. म्हणून झाडे घरांच्या आधी लावली जायला हवीत, हा आग्रह मुलांच्या वतीनेही धरावा.

गोसीखुर्दच्या बाबतीत एक गोष्ट बदलीच्या नोकरीपेक्षा मुळातच निराळी होती, ती म्हणजे प्रतीक्षा. पायाभरणीच्या वर्षी जन्मलेले मूल मोठे होऊन स्वतः आईबाप झाले तरी काही कुटुंबांचे स्थलांतर चालूच होते. धरणाच्या पोटात जाणार असे जाहीर झालेल्या गावात लोक घराची डागडुजी थांबवतात, नवे बांधकाम करत नाहीत, सोयरीक जुळवताना अडखळतात, आणि घरात रोज कोणत्या तरी निमित्ताने जाण्याचीच बोलणी होतात. मोठ्यांचे असे अर्धवट बोलणे कानावर पडून मुलाला भय वाटते, पण धरता येईल असे काही हाती लागत नाही. अशा कुटुंबांनी मुलाला वर्षानुवर्षे आधी सांगत राहण्यात अर्थ नाही. पाच वर्षांखालील मुलाला दोन-तीन आठवडे आधी, आणि तेही तारखेऐवजी घटनेला जोडून, म्हणजे पोळा झाला की किंवा धान कापून झाले की आपण नव्या घरी जाणार, असे सांगावे. त्यापूर्वी मोठ्यांनी मोबदल्याची भांडणे आणि कोर्टकचेरीची चर्चा मुलासमोर टाळावी, आणि टाळता आली नाही तर निदान तू आमच्याजवळच राहणार आहेस एवढे मुलाला पुनःपुन्हा सांगावे. नव्या घराविषयी खोटी आमिषे दाखवू नयेत. तिथे मोठा झोका आहे असे सांगितले आणि झोका नसला, तर मुलाच्या लेखी पुढची सगळी आश्वासने फोल ठरतात.

निघण्याच्या आधी मुलाला निरोप घेऊ द्यावा. भंडाऱ्याच्या खेड्यांत गावदेवाला नारळ फोडून, गुरांना हळदकुंकू लावून, बांधावरची मूठभर माती उचलून निघण्याची रीत मोठ्यांसाठी असते, परंतु मुलाला हाताला धरून प्रत्येक खोलीत, गोठ्यात आणि विहिरीपाशी नेले आणि इथे तू पहिल्यांदा उभा राहिलास, इथे तुझे बारसे झाले असे सांगितले, तर तीच रीत त्याचीही होते. मुलाची स्वतःची एक पिशवी असावी, ती त्याने स्वतः भरावी आणि स्वतः वाहावी. त्या पिशवीत बहुतेक वेळा एखादी जुनी वाकळ, फाटकी बाहुली किंवा आईच्या लुगड्याचा तुकडा निघतो. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषकांनी १९५१ मध्ये अशा वस्तूंना संक्रमण वस्तू असे नाव दिले, म्हणजे आई जवळ नसताना तिची जागा काही काळ भरून काढणारी, मुलाने स्वतः निवडलेली वस्तू. ती धुऊन स्वच्छ करण्याचा मोह आवरावा, कारण तिचा वास हाच तिचा मोठा गुण असतो. नव्या घरी पोचल्यावर गृहप्रवेशाचे दूध उतू जाते, पाहुणे येतात, भांडी लागतात. या गर्दीत सर्वांत आधी मुलाचे अंथरूण घालावे, जुनेच घालावे, आणि जुन्या घरात जी माणसे ज्या बाजूला झोपत त्याच बाजूला त्यांना झोपू द्यावे.

पहिल्या रात्री कठीण जातात हे झोपेच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. अनोळखी जागी प्रौढांचीही झोप हलकी होते आणि त्याला पहिल्या रात्रीचा परिणाम असे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून १० ते १३ तास झोप हवी असते, आणि स्थलांतरानंतर ती पुरी झाली नाही की दिवसाची चिडचिड, रडणे आणि हट्ट वाढतो, ज्याला घरचे लोक मूल बिघडले असे समजतात. झोपण्यापूर्वीचा क्रम, म्हणजे हातपाय धुणे, तेच अंगाईगीत आणि तीच गोष्ट, पहिल्या महिन्यात एकही दिवस चुकवू नये. सुटलेली सवय परत येणे, म्हणजे पुन्हा अंथरूण ओले करणे, अंगठा चोखणे, बोबडे बोलणे किंवा कडेवर घेण्याचा हट्ट धरणे, याला प्रतिगमन म्हणतात. ताण आला की मन एक पायरी मागे येऊन ओळखीच्या, सोप्या जागी विसावते, असा त्याचा अर्थ आहे. त्यावर रागावल्याने ते लांबते, आणि दुर्लक्ष न करता शांतपणे घेतल्याने बहुधा काही आठवड्यांत निवळते. दूध सोडवणे, लघवीची सवय लावणे किंवा आईपासून वेगळे झोपवणे असे दुसरे मोठे बदल त्याच महिन्यात सुरू करू नयेत.

प्रौढांच्या मोजमापात मात्र घर बदलण्याचा ताण लहानच ठरतो. मानसोपचारतज्ज्ञ थॉमस होम्स आणि रिचर्ड राही यांनी १९६७ मध्ये प्रौढांच्या आयुष्यातील ४३ घटनांना ताणानुसार गुण दिले, त्यांत जोडीदाराच्या मृत्यूला १०० आणि घर बदलण्याला फक्त २० गुण आहेत. प्रौढांसाठी हे प्रमाण योग्य असेल. ज्याचे सारे जग दोन घरे आणि एका पारापुरते आहे त्याच्यासाठी मात्र ही मोजणी लागू करता येणार नाही.

नव्या जागी रुळण्याला ऋतूही कारण होतो. विदर्भातील शाळा कडक उन्हामुळे जूनच्या अखेरीस सुरू होतात आणि म्हणून बदल्या आणि स्थलांतरे बहुधा मे महिन्यात होतात. त्या दिवसांत दुपारी गल्ल्या सामसूम असतात, मुले घरात कोंडलेली असतात आणि नव्या मुलाला सवंगडी भेटत नाहीत, त्यामुळे पहिला महिना एकटेपणाचा जातो. पालकांनी सकाळी सात-आठच्या आत आणि ऊन उतरल्यावर मुलाला बाहेर नेले, तर हा महिना वाया जात नाही. पुढे मात्र या भागाचे पंचांग फार उदार आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणारा तान्हा पोळा हा लाकडी नंदीबैल सजवून मुलांनी दारोदार नेण्याचा सण आहे, आणि नव्या वस्तीत आलेल्या मुलाला सगळ्या गल्लीची दारे ओलांडण्याची, प्रत्येक घरातून खाऊ किंवा नाणे घेण्याची अशी रीतसर परवानगी वर्षात दुसऱ्या कोणत्याही दिवशी मिळत नाही. आपल्या मुलाच्या हातात छोटासा बैल देऊन त्याला शेजारच्या मुलांच्या टोळीत मिसळू देणे, हे महिनाभर ओळखी करून देण्यापेक्षा अधिक काम करते. विदर्भात अनेक ठिकाणी त्यानंतर कोजागरीपर्यंत मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखण्याचा खेळ करतात. दिवाळीच्या भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडार हे लोकनाट्य आणि नाटके होतात, लेकी-जावई आणि उठून गेलेली भावंडे परततात. पांगलेल्या गावासाठी मंडई ही जुन्या शेजाऱ्यांना भेटण्याची हमखास जागा आहे, आणि जुने सवंगडी पुन्हा भेटतात हे मुलाने एकदा स्वतः पाहिले की निरोप म्हणजे कायमचा दुरावा ही त्याची भीती बरीच कमी होते.

अंगणवाडी आणि शाळा यांबाबत कायद्याची बाजू माहीत असणे उपयोगी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली सहा वर्षांपर्यंतची मुले अंगणवाडीच्या कक्षेत येतात, तर १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना लागू होतो. त्या कायद्यानुसार जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला किंवा शैक्षणिक वर्ष सुरू होऊन गेले म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. लहान मुलाचे लसीकरण आणि वजनाच्या नोंदी असलेले माता-बाल संरक्षण कार्ड सामानात दडपले जाऊ नये म्हणून ते हातातल्या पिशवीत ठेवावे. अंगणवाडी या कल्पनेचा उगम या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे: ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी बोर्डी आणि कोसबाड परिसरात काम करताना पाहिले की गरीब, आदिवासी मुले बालवाडीत येऊ शकत नाहीत, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. नव्या गावठाणात अंगणवाडीची इमारत तयार नसली तरी सेविकेने पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी पडवीत मुलांना जमवायला सुरुवात करावी. इमारतीची वाट पाहण्यात मुलाचे वर्ष जाते. शहरात किंवा दूरच्या जिल्ह्यात गेलेल्या मुलाची झाडीबोली, त्यातला 'ण'च्या जागी येणारा 'न', वर्गात हसण्याचा विषय होतो. शिक्षकाने पहिल्याच दिवशी ते थांबवले नाही तर मूल बोलणेच कमी करते, आणि मग ते अबोल किंवा मठ्ठ आहे असा चुकीचा शिक्का बसतो.

पाण्याखाली गेलेल्या गावाबद्दल मूल विचारतेच, आणि हा प्रश्न सर्वांत अवघड असतो, कारण बदलीच्या कुटुंबाप्रमाणे सुट्टीत जाऊन जुने घर दाखवता येत नाही. गाव झोपले आहे, गाव फिरायला गेले आहे अशी उत्तरे देऊ नयेत. मूल ती शब्दशः घेते आणि गाव उठण्याची वाट पाहते. धरण बांधले, पाणी साठले, आपले घर पाण्याखाली आहे आणि आपण सगळे इथे आहोत, हे खरे आणि पुरेसे उत्तर आहे. तीन वर्षांच्या आधीचे फारच थोडे आठवत राहते, म्हणून जुन्या घराची छायाचित्रे, गल्लीतल्या घरांची नावे आणि गावाचा हाताने काढलेला नकाशा जपून ठेवला तर मूल मोठे झाल्यावर त्यातून आपली मुळे ओळखू शकते. आजी-आजोबांचे दुःख अनेकदा आईवडिलांपेक्षा खोल असते आणि मूल त्यांच्याच जवळ जास्त वेळ असते; त्यांनी मुलासमोर रडूच नये असे म्हणणे अमानुष ठरेल, परंतु रडताना मला आपल्या घराची आठवण येते एवढे सांगितले तर मुलाला ते रडणे आपल्यामुळे आहे असे वाटत नाही.

एक धोका वेगळा सांगायला हवा. नव्या घराला कंटाळलेले किंवा रागावलेले मूल जुन्या घराच्या शोधात एकटे निघू शकते, आणि या जिल्ह्यात वाटेत बोड्या, मालगुजारी तलाव, कालवे, उघड्या विहिरी आणि जलाशयाचा काठ असतो. जुन्या गावात कोणत्या विहिरीपासून दूर राहायचे हे मुलाला आणि शेजाऱ्यांनाही माहीत असते, नव्या जागी ते कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच वस्तीभोवतीची पाण्याची ठिकाणे मोठ्यांनी स्वतः फिरून पाहावीत, घराजवळची विहीर झाकून घ्यावी आणि मूल कोणाच्या नजरेखाली आहे हे दिवसाच्या प्रत्येक वेळी घरातल्या एका माणसाला नक्की ठाऊक असावे.

बहुतेक मुले दोन-तीन महिन्यांत सावरतात. त्यानंतरही मूल नीट जेवत नसेल, वजन घटत असेल, आधी येत असलेले बोलणे बंद झाले असेल, खेळणे सोडून दिले असेल किंवा रोज रात्री दचकून उठत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात, तेव्हा मूल अलीकडेच नव्या गावात आले आहे ही माहिती सेविकेने पथकाला आवर्जून द्यावी, कारण केवळ वजन-उंची पाहून ती कळत नाही. पालकांना स्वतःसाठी किंवा मुलासाठी बोलायला कोणी हवे असेल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य सल्ला मिळतो.